आमिष म्हणून नव्हे

१८८९ साली अमेरिकेतल्या ब्रॅडॉक या गावात एक ग्रंथालय सुरू झालं. पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगीने पुढे जगभर सुमारे अडीच हजार ग्रंथालयांना पैसा पुरवला. त्यांतलं अमेरिकेतलं हे पहिलं, आणि तेही त्याच्याच कारखान्यातल्या कामगारांच्या वस्तीत. भट्टीसमोर पाळी करून आलेला माणूस काजळलेल्या हातांनी पुस्तक कसं उघडणार, म्हणून तळघरात न्हाणीघरं बांधली होती. वर पुस्तकं होती आणि त्याच छपराखाली बिलियर्ड्सची टेबलंही होती. चार वर्षांनी इमारत वाढवली तेव्हा पोहायचा तलाव आला, व्यायामशाळा आली, संगीताचं सभागृह आलं. कार्नेगीच्या कारखान्यांत कामगारांना मिळालेल्या वागणुकीबद्दल चांगलं बोलण्यासारखं फार थोडं आहे, पण ही इमारत मला मनापासून आवडते. तिथे बिलियर्ड्सचा एक डाव खेळून परत गेलेला माणूससुद्धा ग्रंथालयातच येऊन गेलेला असे.

त्याच सुमाराला, म्हणजे १८९० च्या दशकात, ब्रिटनमधली काही सार्वजनिक ग्रंथालयं वेगळ्याच कामात गुंतली होती. वाचनकक्षात रोजची वर्तमानपत्रं मांडण्याआधी त्यांतल्या घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्या शाईने काळ्या केल्या जात. पैजा लावणारी माणसं तेवढ्यासाठी आत येतात आणि जागा अडवून बसतात, अशी तक्रार होती. तेव्हा ती माणसं येऊच नयेत अशी व्यवस्था केली गेली.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना ग्रंथालयात जागा असावी का, हा वाद ऐकला की मला या दोन इमारती शेजारी शेजारी दिसतात. वाद जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात तो कादंबऱ्यांवरून झाला. लोकांच्या पैशातून लोकांना करमणुकीचं वाङ्मय का पुरवायचं, यावर ग्रंथपालांची मोठमोठी भांडणं झाली. १९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का, याची चौकशी थेट अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने केली. १९९२ मध्ये एका चित्रकादंबरीला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला आणि आज चित्रकादंबऱ्यांचं स्वतंत्र कपाट नसलेलं मोठं ग्रंथालय अनेक देशांत शोधावं लागेल. गेम्सचंही हळूहळू तसंच होईल. फक्त ते कोणत्या भावनेने होतं, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे.

मला वाचनाचा आणि गेम्सचा नाद साधारण एकाच वयात लागला. एक नाद कौतुकाचा, दुसरा लपवायचा. ग्रंथालयात शिरताना आपला अर्धा भाग बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचा, अशी सवयच झाली होती. आत गेल्यावर कुणी "सध्या काय वाचतेस?" म्हणून विचारलं तर सांगायला खूप असायचं. "सध्या काय खेळतेस?" हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि एखाद्या ग्रंथपालाने ते विचारावं अशी अपेक्षा करता येते, हेही कित्येक वर्षं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मध्यंतरी एका सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकं परत करायला रांगेत उभी होते. माझ्या पुढे विशीच्या उंबरठ्यावरचा एक मुलगा होता. त्याने काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "लोकीवर काही पुस्तक आहे का? आणि तो साप, सगळ्या पृथ्वीला वेढा घालून बसलेला, त्याच्यावर?" बाईंनी विचारलं, "अभ्यासाला आहे का?" तो म्हणाला, "नाही, एका गेममध्ये आहे." त्यावर बाई म्हणाल्या, "गेमबिम इथे नसतं. पुस्तकं तिकडे आहेत, बघा." मुलगा पुटपुटला, "पुस्तकच हवं होतं." मग कपाटांच्या दिशेने न जाता तो सरळ दाराकडे गेला.

बाई काही वाईट वागल्या नाहीत. आवाज चढवला नाही, हाकलून दिलं नाही. पण एक माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला होता, त्याच्याजवळ तयार प्रश्न होता आणि त्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांत होतं. लोकी हा उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधला एक कपटी देव. त्या कथा सांगणाऱ्या, तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहिल्या गेलेल्या एड्डा या ग्रंथांपर्यंत मुलाला पोचवता आलं असतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत उत्तर युरोपातल्या या जुन्या धर्मकथा २९३ या क्रमांकाखाली येतात आणि व्हिडिओ गेम्सवरची पुस्तकं ७९४.८ खाली. इमारतीत या दोन कपाटांत केवढं तरी अंतर असतं. त्या मुलाच्या प्रश्नाने ते अंतर एका वाक्यात ओलांडलं होतं. ग्रंथपालाला याहून चांगला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

गेम खेळणाऱ्यांचं स्वागत करू म्हणणारी ग्रंथालयं आता बरीच आहेत. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या ग्रंथालयाने २००४ मध्येच मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००८ पासून ग्रंथालयांमध्ये खेळांचा खास दिवस सुरू केला आणि तो पुढे आंतरराष्ट्रीय झाला. २०१८ च्या डिसेंबरात हेलसिंकीत उघडलेल्या ओओदी या ग्रंथालयात शिवणयंत्रं आहेत, संगीताचे स्टुडिओ आहेत आणि आधी नाव नोंदवून गेम खेळायच्या खोल्याही आहेत. हे सगळं उत्तम आहे. तरीही गेम्सच्या समर्थनार्थ ग्रंथालयांच्या बैठकांत जे वाक्य हमखास ऐकू येतं, तेच मला सलतं: "मुलं गेमसाठी येतील आणि हळूहळू पुस्तकांकडे वळतील."

म्हणजे गेम हे आमिष. आणि ज्याला आमिष दाखवलं जातं त्याला ते कळतंच, पोरासोरांना तर सगळ्यात आधी. कोपऱ्यात टीव्ही, गेम चालवायचे दोन कंट्रोलर, भिंतीवर 'वाचाल तर वाचाल' आणि अर्ध्या तासाने "चला, आता एक एक पुस्तक घ्या" म्हणणारा कुणीतरी. मुलं खेळतात, पुस्तक उचलतात, दाराशी ठेवून जातात. यातून ती एक गोष्ट नक्की शिकतात की आपल्याला जे आवडतं ते इथे खालच्या पायरीवरचं आहे. गोष्टी सांगण्याच्या तासाला आलेल्या चिमुरड्यांपैकी पुढे किती जण जाडजूड ग्रंथ वाचणार आहेत, असा हिशेब कुणी मागत नाही. तो तास तिथल्या तिथेच सार्थकी लागलेला असतो. गेमच्या तासालाही तेवढाच मान हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

शिवाय "वळवण्याची" ही कल्पना वस्तुस्थितीला धरूनही नाही. ब्रिटनच्या नॅशनल लिटरसी ट्रस्टने २०२० मध्ये ११ ते १६ वयाच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. गेम खेळणाऱ्या दर पाच मुलांपैकी जवळपास चार जण महिन्यातून एकदा तरी गेमशी संबंधित काहीतरी वाचत होते: गेममधले संवाद, परीक्षणं, पुस्तकं, इतर खेळाडूंनी रचलेल्या कथा. गेम्सच्या मुळाशीही वाचन आहेच. १९७६ मध्ये विल क्राउदर या प्रोग्रामरने गुहेतल्या भटकंतीचा एक गेम लिहिला, पुढच्या वर्षी डॉन वूड्सने तो वाढवला. त्यात चित्र नावाला नव्हतं. पडद्यावर मजकूर उमटायचा, तो वाचायचा आणि उत्तरादाखल शब्द टाइप करायचे. २०१९ मध्ये आलेल्या डिस्को एलिसियम या गेममध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत. एवढं वाचून संपवणाऱ्या माणसाला आपण "वाचनाकडे वळवणार" आहोत!

ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. त्यांतला दुसरा: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. या दोन वाक्यांत वाचकाची परीक्षा घेतलेली नाही, तो कुठल्या वाटेने आला हे विचारलेलं नाही. पाचवा सिद्धांत म्हणतो की ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. हे सिद्धांत भिंतीवर लावलेल्या ग्रंथालयात लोकीबद्दल विचारणारा मुलगा रिकाम्या हाताने परतू नये.

तेव्हा माझ्या दृष्टीने स्वागताची सुरुवात कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राच्या, खरेदीपासून होत नाही, काउंटरवरच्या संभाषणापासून होते. चांगला ग्रंथपाल वाचकाशी बोलून त्याची आवड ताडतो. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालबाईंनी यासाठी चार दारांची कल्पना मांडली आहे. कुणी पुस्तकात कथेच्या दाराने शिरतो, कुणी पात्रांच्या, कुणी स्थळकाळाच्या, कुणी भाषेच्या. एकदा दार कळलं की पुढचं पुस्तक सुचवणं सोपं होतं. गेम्सच्या जगातही अशी वर्गवारी आहे. रिचर्ड बार्टल या ब्रिटिश गेमकर्त्यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: काही कमावण्यासाठी खेळतात, काही धुंडाळण्यासाठी, काही सोबतीसाठी आणि काही दुसऱ्यावर मात करण्यासाठी. ही दोन्ही वर्गीकरणं हाताशी असलेला ग्रंथपाल काय करू शकेल, याचा विचार केला की मला हुरूप येतो. ठोकळे खणून आणि रचून स्वतःचं जग उभारायच्या माइनक्राफ्ट या गेमच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. पण ते खेळणारी दोन मुलं एकसारखी नसतात. एक नुसती जमिनीखाली भटकते, तिला गुहांवरची, खनिजांवरची, प्रवासाची पुस्तकं द्यावीत. दुसरा किल्ले रचत बसतो, त्याला वास्तुकलेचं कपाट दाखवावं. आणि दोघांनाही त्यांच्या स्वभावाला साजेसा पुढचा गेमही सुचवता यायला हवा. तो सुचवला म्हणजे पुस्तकांशी काही गद्दारी होत नाही.

उलट्या दिशेचं एक उदाहरण माझ्या जवळचं आहे. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका रहस्यकथांच्या पट्टीच्या वाचक आहेत. खुनी कोण हे त्या निम्म्या पुस्तकात सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. गेम म्हणजे गोळ्या झाडणं, असा त्यांचा पक्का समज. त्यांना मी 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' दाखवला. २०१८ चा हा गेम लुकास पोप यांनी केलाय. साल १८०७. ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता झालेलं व्यापारी जहाज किनाऱ्याला लागतं, त्यावर एकही जिवंत माणूस नाही. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. हातात एक वही आणि एक विलक्षण घड्याळ. कुणाच्याही अवशेषांपाशी हे घड्याळ उघडलं की त्या माणसाच्या शेवटच्या क्षणीचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठून समोर उभा राहतो. जहाजावर साठ माणसं होती. प्रत्येकाचं नाव, त्याचं काय झालं आणि कुणाच्या हातून, हे वहीत भरायचं. गेम सहजासहजी होकार देत नाही. तिघांचे तपशील बरोबर भरले गेले की मगच ते पक्के होतात, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून निभावत नाही.

बाईंना माउस आणि कळा एकत्र चालवणं जमेना, म्हणून चालवायचं काम मी घेतलं आणि त्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःची वही काढली. मग आज्ञा सुटू लागल्या. "मागे जा. त्या झोपलेल्याचा चेहरा नको, त्याच्या झोळीवरचा आकडा बघू दे." खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवर क्रमांक होते आणि ते प्रवाशांच्या यादीतल्या क्रमांकांशी जुळत होते, हे त्यांनी माझ्याआधी हेरलं. कुणाचे उच्चार कुठल्या देशाचे, कुणाच्या पायात कसले जोडे, कोण कुणाच्या बाजूला उभा राहतो, असं करत पहिले तीन पक्के झाले तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. रहस्यकथा वाचताना त्यांचं डोकं जसं चालतं अगदी तसंच चालत होतं, फक्त इथे लेखक उत्तर सांगून मोकळा होणार नव्हता. पुढे त्यांनी मला विचारलं, "असलं आणखी काय असतं?" वाचकाने ग्रंथपालाला विचारावा असाच हा प्रश्न. त्यांच्या ग्रंथालयात त्याचं उत्तर देणारं कुणी असायला हवं, असं मला तेव्हा तीव्रतेने वाटलं. जगात अशा कितीतरी वाचक बाई आणि बुवा असतील, आणि त्यांच्या ओळखीत गेम दाखवणारं कुणी असेलच असं नाही. गेम म्हणजे मुलांचा प्रश्न, हाही एक गैरसमजच आहे. अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीत खेळणाऱ्यांचं सरासरी वय ३६ होतं.

सूचीबद्दल थोडक्यात सांगते. अनेक ग्रंथालयांच्या सूचीत गेमची नोंद पाहिली तर नाव, कंपनी आणि कुठल्या यंत्रावर चालतो एवढंच सापडतं. कर्ता कोण, प्रकार कुठला, किती जण एकत्र खेळू शकतात, मजकूर पडद्यावर मोठा करता येतो का, हे काहीच नसतं. दृक्श्राव्य साहित्याची सूची करणाऱ्यांच्या ओलॅक या संघटनेने २०१५ मध्येच यासाठी मार्गदर्शिका काढली आहे. काम किचकट आहे, पण ते झालं नाही तर कपाटात असलेला गेम नसल्यासारखाच.

देवघेवीचे प्रश्न मात्र खरोखर वेगळे आहेत आणि त्यांत मला रस आहे. ग्रंथालयातून आणलेला एखादा मोठा कथाप्रधान गेम पुरा व्हायला पन्नास-साठ तास लागतात. नोकरी-घर सांभाळून खेळणाऱ्याला त्याला दोन महिनेही पुरत नाहीत. चित्रपटाच्या डीव्हीडीचा आठवड्याचा नियम उचलून गेमला लावला, की तो निम्म्यात परत करावा लागतो. मुदत वाढवून देणं हा इथे शुद्ध सौजन्याचा भाग आहे. निन्टेन्डो स्विच या यंत्रावरच्या गेमचं कार्ड टपाल तिकिटाएवढं असतं, लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून त्याला डेनाटोनियम बेन्झोएट या अतिशय कडू द्रव्याचा लेप दिलेला असतो. इतकी चिमुकली वस्तू हरवणारच, म्हणून पुष्कळ ग्रंथालयं कपाटात रिकामी डबी ठेवतात आणि कार्ड काउंटरमागे. ठीकच आहे. पण ती मागताना माणसाला आपण काहीतरी वावगं मागतोय असं वाटू नये, एवढी काळजी घ्यावी.

आणखी एक गोष्ट आजच्या खेळाडूंना ठाऊक नसेल. स्विचवर आपण कुठवर पोचलो याची नोंद यंत्रात राहते, कार्डात राहत नाही. गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या यंत्राच्या काळात ती खुद्द काडतुसात, म्हणजे गेम ज्यात भरलेला असे त्या प्लास्टिकच्या तुकड्यात, राहायची. आत एक बारीक बॅटरी असे आणि तिच्या जोरावर स्मृती टिकून असे. पोकेमॉन या प्राणी पकडायच्या गेमचं एक काडतूस मी कुणाकडून तरी उसनं आणलं होतं. सुरू केलं तर त्यात आधीच्या खेळाडूने स्वतःला दिलेलं नाव, त्याने पकडलेले प्राणी, त्यांना ठेवलेली लाडकी नावं, खेळलेले तास. त्या गेममध्ये एकच नोंद ठेवता यायची. मी माझा खेळ जपायचा तर त्याचा कायमचा पुसला जाणार. मी कितीतरी वेळ नुसती त्याच्या जगात हिंडत राहिले, त्याने कुठल्या प्राण्यावर जास्त मेहनत घेतली होती ते बघत. ग्रंथालयाच्या पुस्तकात समासात पेन्सिलने केलेली खूण सापडावी, तशी ती ओळख होती. अनोळखी माणसाचा माग एखाद्या वस्तूत लागणं, हा सार्वजनिक देवघेवीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग आहे आणि गेम्समध्येही तो असू शकतो. एखाद्या ग्रंथालयाने गेमच्या डबीत कोरा कागद ठेवून "पुढच्यासाठी एक सूचना लिहा, शेवट फोडू नका" एवढं जरी म्हटलं, तरी पुष्कळ घडेल.

खोलीची व्यवस्था कशी असावी, यावर बरंच लिहिलं गेलंय. आवाजाचा प्रश्न खरा आहे. शांत बसायला आलेल्या माणसाचाही ग्रंथालयावर तितकाच हक्क आहे आणि बंद होणारं दार व हेडफोन यांनी तो बराचसा सुटतो. त्याहून अवघड प्रश्न आहे तो खोलीत कोण टिकतं याचा. चार दांडगट मुलांनी कंट्रोलर बळकावले की मुली दारातूनच परत जातात. हे मी पाहिलेलं आहे, अनुभवलेलंही आहे. तिथे लक्ष ठेवणारं, पाळी लावणारं आणि स्वतः गेम जाणणारं माणूस हवं, नुसता नियमांचा फलक पुरत नाही. आणि ज्यांच्या बोटांना नेहमीचा कंट्रोलर पेलत नाही त्यांचा विचार तर आधी व्हावा. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या अडॅप्टिव्ह कंट्रोलरला मोठी बटणं, पायाने दाबायचे पेडल, तोंडाने चालवायची साधनं जोडता येतात. घरोघरी हा खर्च परवडत नाही. एकाने विकत घेऊन अनेकांनी वापरायची वस्तू, ही तर ग्रंथालयाची मूळ कल्पनाच.

पालकांची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरची नोंद आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याची लक्षणंही स्पष्ट आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकीच्या आयुष्यापुढे खेळालाच प्राधान्य मिळणं, नुकसान दिसत असूनही ते वाढतच जाणं आणि साधारणपणे हे सगळं किमान बारा महिने चालणं. कोणतंही मूल आवडीने खेळलं की ते आजारी, असं ही व्याख्या म्हणत नाही. कुठला गेम कुठल्या वयाला योग्य, हे सांगणाऱ्या पद्धती अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून आहेत. गोंधळलेल्या पालकांना हे शांतपणे समजावून सांगणारी जागा कुठली? दुकानदार सांगणार नाही, त्याला विकायचं आहे. खोलीचं दार लावून एकट्याने खेळणारं मूल आणि ग्रंथालयात चार वयांच्या माणसांसोबत खेळून, वेळ संपली की उठणारं मूल, यांत मला तरी जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

ग्रंथालयाचा ठेवा गेममध्ये कसा उतरतो, याचं एक सुंदर उदाहरण ब्रिटिश लायब्ररीचं आहे. २०१३ मध्ये तिने आपल्याकडचे जुने नकाशे आणि चित्रं विद्यार्थ्यांसमोर ठेवली आणि त्यावरून गेमचं जग उभं करायची स्पर्धा घेतली. डी मॉन्टफोर्ट विद्यापीठातल्या विजेत्या मुलांनी १६६६ च्या आगीआधीचं लंडन बांधलं: पुढे झुकलेली लाकडी घरं, चिखलाचे अरुंद बोळ, दोऱ्यांवरचे कपडे. नकाशांच्या संग्रहात धूळ खात पडला असता असा कागद त्या मुलांनी किती बारकाईने वाचला असेल! याच्या उलटही घडलं आहे. पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेने मार्च २०२० मध्ये माइनक्राफ्टच्या आत एक भव्य ग्रंथालय उभारलं. इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया, व्हिएतनाम या देशांतल्या पत्रकारांचं दाबलेलं लेखन तिथल्या पुस्तकांत ठेवलं. जिथे संकेतस्थळं बंद असतात पण माइनक्राफ्ट चालू असतं, तिथल्या वाचकासाठी. ग्रंथालय कशासाठी असतं, हे ज्या खेळाडूंनी एकेक ठोकळा रचत दाखवून दिलं, त्यांना आपण खऱ्या ग्रंथालयाच्या दारात थांबवून कुठला धडा देणार आहोत?

आणि आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, तो जतनाचा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच विकत मिळत नाहीत. जुनं यंत्र आणि जुनी प्रत शोधा, नाहीतर चोरवाट धरा, एवढंच उरतं. पुढे परिस्थिती आणखी बिकट होणार आहे, कारण आता गेम विकत घेतला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त परवाना घेतलेला असतो. २०२५ मध्ये स्विच २ या स्विचच्या पुढच्या यंत्रासोबत आलेल्या काही कार्डांत तर गेमच नसतो. कार्ड ही नुसती किल्ली, गेम कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायचा. तो सर्व्हर बंद पडला की कपाटातलं कार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. फ्रान्सच्या १९९२ च्या कायद्याने पुस्तकांप्रमाणे व्हिडिओ गेमची प्रतही राष्ट्रीय ग्रंथालयाला देणं बंधनकारक झालं. असे कायदे फार थोड्या देशांत आहेत.

अमेरिकेत ग्रंथालयांनी आणि जतन करणाऱ्या संस्थांनी एक साधी मागणी केली होती. बाजारातून गेलेले जुने गेम्स आम्ही सांभाळतो, ते अभ्यासकांना इमारतीबाहेरूनही पाहता यावेत. इतर सॉफ्टवेअरसाठी कॉपीराइट कायद्यातून अशी सूट २०२१ मध्ये मिळालेली आहे. गेम्ससाठी ती सुनावणीनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली. कॉपीराइट कार्यालयाने दिलेल्या कारणांत एक हेही होतं की असे गेम लोक मनोरंजनासाठी वापरतील, असा मोठा धोका आहे.

मनोरंजनासाठी! सार्वजनिक ग्रंथालयातून घरी जाणाऱ्या कादंबऱ्यांच्या बाबतीत हा आक्षेप आज कुणी घेतला तर सगळे ग्रंथपाल एकमुखाने उठतील. आनंदासाठी वाचणं हा वाचकाचा हक्क आहे, हे त्यांनी दीडशे वर्षं भांडून मिळवलेलं आहे. गेमच्या बाबतीत मात्र हाच आक्षेप घेतला गेला आणि जतनवाले सोडले तर फारसा गलका झाला नाही. कोपऱ्यात आमिष म्हणून ठेवलेल्या वस्तूसाठी कोण भांडणार? ज्या ग्रंथालयाने खेळणाऱ्याला कधी आपला वाचक मानलं नाही, ते त्याच्या वतीने सुनावणीत काय बोलणार?

ही सुनावणी दर तीन वर्षांनी होते. पुढची २०२७ मध्ये. तोवर मला वाटतं, प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या काउंटरवर येणाऱ्या खेळाडूंची बाजू मांडता येईल इतकी त्यांच्याशी ओळख करून घ्यावी. ते काय खेळतात, त्यांना काय सापडत नाही, कुठला गेम शोधून शोधून ते थकले, हे विचारावं आणि लिहून ठेवावं. ओब्रा डिननंतर आणखी काय, असं विचारणाऱ्या बाईंचा प्रश्नही त्यात असू दे, आणि लोकीवरचं पुस्तक न मिळालेल्या त्या मुलाचाही.